माती नागावची, रोप पिनांगचं

बंदरावर उभी हयात नोकरी केली, पण मला पोहता येत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कस्टमच्या माणसाच्या आठवणी म्हटल्यावर तुफानं, चाचे, चोरटं सोनं असलं काही निघेल या आशेने कोणी हे पान उघडलं असेल, तर त्याने खुशाल पाककृतींकडे वळावं. माझी सगळी मर्दुमकी टाकाची आणि दौतीची. जहाज बुडताना मी एकदाही पाहिलं नाही. लसणाला मोड येताना मात्र पाहिला आहे, आणि त्यापायी आठवडाभर माझ्या तोंडची चव गेली होती.

आमची चौकी खाडीच्या तोंडावर होती. त्या गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं अजून धडधाकट आहेत आणि दिवाळी अंक वाचतात. मी राहायचो नागावला. सकाळी भाकरी बांधून किनाऱ्याने चालत निघायचं, संध्याकाळी तसंच परत. चौकीत दोनच माणसं, मी कारकून आणि पांडू शिपाई. पांडू थळचा कोळी. साहेब महिन्यातून एकदा येत आणि शहाळं पिऊन, सह्या करून जात.

कामाच्या वाटण्या झाल्या तेव्हा जे खातं कोणालाच नको होतं ते माझ्या गळ्यात पडलं. ते खातं झाडपाल्याचं. सरकारचा नियम असा की परदेशातून जिवंत रोप, कलम, कंद किंवा पेरायचं बी आणलं, तर आणणाऱ्याने ते आपणहून जाहीर करायचं. त्याचा एक छापील फॉर्म होता. रोप कशाचं, नग किती, कुठल्या देशात उगवलं, मुळाशी माती आहे का, असेल तर कुठली, आणि आणलं कशासाठी. हे सगळं तीन प्रतींत. मग मुंबईला ते रोप तपासायचं, बंद पेटीत ठेवून त्याला विषारी धुरी द्यायची, आणि धुरीचा दाखला मिळाला की घरी न्यायचं. आमच्यासारख्या चिमुकल्या बंदराला एवढंच काम, की दाखला असेल तर जाऊ द्या, नसेल तर आल्या पावली मुंबईला पाठवा.

पांडूने पहिल्याच दिवशी मला विचारलं, "सायेब, झाडाला कसली धुरी? त्याला काय भूत लागलंय?"

मी म्हटलं, "तुझ्या घरात देवी आल्या तर शेजारी जेवायला येतात का?"

"न्हाय येत."

"झाडांनाही तसंच असतं. पानाच्या पाठीला चिकटून किडा येतो. तिकडच्या झाडांना त्याची सवय असते, आपल्या माडांना नसते. एक किडा उतरला की नागावपासून श्रीवर्धनपर्यंत वाड्या बसल्या."

पांडूने थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हंजे झाडाचं सुतक हाय."

पुढे मी हा नियम शंभर लोकांना समजावला असेल, पण पांडूच्या त्या तीन शब्दांइतका सोपा मला कधी करता आला नाही. शेवटी मीही तसंच सांगायला लागलो. सुतक म्हटलं की माणूस वाद घालत नाही.

वाद घालणारेही भेटले म्हणा. एकदा वाऱ्याने भरकटलेलं एक अरबी बगला जातीचं गलबत आमच्या खाडीत आसऱ्याला आलं. त्यात खजूर होता आणि पंधरा पोती लसूण. माल एका गुजराती शेटजींचा, ते धावत आले. खजूर सुटला, पण लसणापाशी माझी गाडी अडली. लसूण हा मसाला की कंद? खाल्ला तर मसाला, पेरला तर कंद. मी मुंबईला पत्र टाकलं. मुंबईचं उत्तर आठव्या दिवशी आलं, की मोड नसेल तर मसाला समजावा. मी हुश्श केलं आणि पोतं सोडून बघितलं. आठ दिवस आमच्या दमट गोदामात बसून प्रत्येक पाकळीने हिरवीगार शेंडी काढलेली. शेटजींनी कपाळावर हात मारला नाही की आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "साहेब, अमे तो मसालो लाव्या हता. तमे झाड बनावी दीधुं." त्या लसणाची धुरी, दाखला, पत्रव्यवहार यांची फाईल माझ्या निवृत्तीच्या वेळी चांगली बोटभर जाड होती. आमच्या मंडळींनी मात्र महिनाभर लसणाची फोडणी दिली की मुद्दाम मला विचारायचं, "घालू ना? की मुंबईला विचारताय?"

हे हसण्यावारी गेलं. पण एक प्रकरण असं झालं, की तिथे नियमही मी पाळला, खरंही मीच लिहिलं, आणि तरी चूक माझीच ठरली. तेच सांगायला बसलो आहे.

नागावात आमच्या कुंपणाला लागून दामूअण्णांची वाडी. माड, सुपारी, केळी, विहिरीवर रहाट. दामूअण्णा स्वभावाने गरीब. कोणी काही विचारलं तर "बघू" म्हणणार. घर चालवायच्या त्यांच्या आई, माई. आणि वाडी जगवायच्या त्यांच्या बायको, रमावहिनी. वहिनींचं माहेर बोर्ली पंचतनचं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी बाजारात एका मलबारी व्यापाऱ्याकडून घेतलेलं जायफळाचं रोप मुलीबरोबर दिलं होतं. वहिनींनी ते विहिरीच्या अंगाला सावलीत लावलं. झाड झकास वाढलं. सातव्या-आठव्या वर्षी फुललं, आणि पुढे दर वर्षी फुलत राहिलं. पण फळ काही धरेना. बारकी पिवळी फुलं यायची आणि गळून जायची.

वहिनींनाही मूल नव्हतं. आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलं असेल की गावाने या दोन गोष्टींची सांगड कशी घातली असेल ते. "हातच वांझ, झाड काय करील," असं बायका सरळ बोलत. त्याच हाताने लावलेल्या केळी लोंगरांनी वाकायच्या, तेव्हा हाताची कोणाला आठवण होत नसे.

आमच्याकडे न धरणाऱ्या झाडाला दटावण्याची एक रीत आहे. अवसेच्या सकाळी एकाने कोयता घेऊन झाडापाशी जायचं आणि म्हणायचं, "हे झाड काही कामाचं नाही, तोडतो आज." दुसऱ्याने मधे पडायचं, "नका तोडू, पुढच्या साली धरेल." झाड घाबरतं आणि धरतं असं म्हणतात. फणसाच्या बाबतीत मी स्वतः हे पाहिलं आहे, तेव्हा हसत नाही. पण दामूअण्णांच्या वाडीत कोयता माई उचलायच्या, आणि मधे पडण्याचं काम त्यांनी वहिनींना दिलेलं होतं. दर साली माईंनी म्हणायचं, "तोडते हिला." दर साली वहिनींनी म्हणायचं, "नका तोडू, पुढच्या साली धरेल." कुंपणाच्या अलीकडे दात घासत उभा असलेला मी ते ऐकायचो आणि आत निघून जायचो.

आमच्या घरानेही काही दिवे लावले नव्हते. आमच्या थोरल्याचं बारसं झालं तेव्हा आख्खी आळी बोलावली, पण वहिनींना बोलावणं गेलं नाही. तशी चालच होती. त्या दिवशी दुपारी वहिनींनी कुंपणावरून एक शिवलेली कुंची दिली. टाके इतके बारीक की आमच्या मंडळींना सुई कुठून गेली ते दिसेना. मंडळींनी कुंची घेतली, बाळाला घातली, आणि तरीही वहिनींना आत बोलावलं नाही. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा वाटली नाही, हे जास्त वाईट.

पहिलं महायुद्ध संपून पाच-सहा वर्षं झाली असतील. माईंनी दामूअण्णांसाठी दुसरी मुलगी बघायला घेतली. थळकडचं एक स्थळ जवळपास पक्कं झालं. दामूअण्णा "बघू" म्हणत होते, आणि त्यांच्या "बघू"चा अर्थ शेवटी माई म्हणतील ते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. वहिनी तेव्हा जेमतेम तिशीच्या होत्या.

त्याच वर्षी हसन तांडेल सुट्टीवर आला होता. हसन आमच्याच आळीच्या टोकाचा, सिंगापूर-पिनांगकडे जाणाऱ्या आगबोटीवर खलाशी. वहिनींनी त्याच्या आईला टायफॉईडात पेज करून घातली होती, ते हसन विसरला नव्हता. पिनांगला जायफळाच्या वाड्याच्या वाड्या आहेत असं तो सहज बोलून गेला. वहिनींनी त्याच्याकडे आपल्या झाडाची चार फुलं कागदात वाळवून दिली आणि म्हणाल्या, "तिकडच्या वाडीवाल्याला दाखव. याचं काय चुकतंय ते विचार." घरातल्या कोणाला सांगितलं नाही.

हसन परतला तो वैशाखाच्या अखेरीस. आगबोट दूर उभी राहायची आणि उतारू पडावातून धक्क्याला यायचे. दामूअण्णा सुपारीचं पोतं चढवायला आले होते, तेही तिथेच. हसनच्या एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात वरून कापलेला रॉकेलचा डबा, आणि डब्यात वीतभर उंचीची तीन रोपं.

"दाखला?" मी विचारलं.

"कसला दाखला, भाऊसाहेब? मुंबईला कोनी काय इचारलं न्हाय. ही जायफळं हायेत, रमावहिनीसाठी." मग दामूअण्णांकडे वळून त्याने सगळी हकिकत सांगितली. पिनांगच्या म्हाताऱ्या माळ्याने वहिनींची फुलं नखाने चिरून बघितली आणि हसला. जायफळात नराचं झाड वेगळं आणि मादीचं वेगळं. तिकडे दहा माद्यांमागे एक नर ठेवतात. नर जवळ नसेल तर मादी जन्मभर फुलते, पण फळ नाही.

"म्हणजे आमचं झाड..." दामूअण्णा अडखळले.

"तुमचं झाड बेस हाय, अण्णा. त्याचा काय दोष न्हाय. त्याला जोडीदार न्हाय, इतकंच."

मादीची फुलं एकेकटी लागतात, नराची घोसाने. रोप लहान असताना नर की मादी ते कळत नाही, म्हणून माळ्याने तीन दिली होती. तिघांत एक तरी नर निघेल असा त्याचा हिशेब.

दामूअण्णा सुपारीच्या पोत्यावर बसले. पांडू पाठ करून समुद्राकडे बघत उभा राहिला. पांडू असा उभा राहिला की त्याचा अर्थ, मी काही पाहिलं नाही, तुम्हीही पाहू नका.

मी पाहिलं. एका पानाच्या पाठीवर तांबूस खवले दिसत होते. कीड असेल, नसेल. आणि समोर त्याच किनाऱ्यावर माझ्या गावचे हजारो माड. मी फॉर्म काढला.

सगळे रकाने सुरळीत गेले. मातीच्या रकान्याशी मी विचारलं, "मुळाशी माती पिनांगची ना?"

"न्हाय. नागावची."

मला वाटलं थट्टा करतोय. पण हसन गंभीर होता. आमचे खलाशी परमुलखाला निघाले की आई गावची माती फडक्यात बांधून देते. तिकडचं पाणी बाधू नये म्हणून पहिल्या घोटात चिमूटभर टाकून प्यायची. हसनच्या आईने चांगली दोन शेर दिलेली. त्याने पिनांगला रोपांची मुळं धुतली, तिकडची माती टाकून दिली, आणि या मातीत ती लावली.

"का रे बाबा?"

"इथं आल्यावर परकं वाटू नये म्हनून. प्रवासातच सवय झाली तर बरं."

माझ्या हातात टाक होता आणि अंगात खरं लिहिण्याची खोड होती. माझं अक्षर सुंदर आहे असं साहेब म्हणायचे. त्या सुंदर अक्षरात मी तीनही प्रतींवर लिहिलं. उगवणीचा देश, पिनांग. मुळाशी माती, नागावची. डबा घेऊन हसन दुसऱ्या दिवशी त्याच आगबोटीच्या परतीच्या फेरीने मुंबईला गेला.

त्या संध्याकाळी दामूअण्णांच्या ओटीवर मला बोलावणं आलं. साक्षीला असेन म्हणून. दामूअण्णांनी माईंना सगळं सांगितलं आणि पुढे म्हणाले, "थळच्यांना नाही म्हणून कळवतो. रोपं येतील, वाढतील, त्याला सात वर्षं लागतील. नर उभा राहिल्यावरही झाडाने धरलं नाही, तर तू म्हणशील तसं. तोवर दुसरं लग्न नाही."

माई म्हणाल्या, "झाडाच्या गोष्टी माणसाला लावू नकोस, दामू."

"बारा वर्षं आपणच लावतोय, माई."

दामूअण्णांच्या तोंडून एवढं मोठं वाक्य मी तोवर ऐकलं नव्हतं. दाराआड वहिनींच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. माई उठून आत गेल्या. म्हणजे वहिनींचं घरातलं स्थान आता त्या रॉकेलच्या डब्यात होतं, आणि डबा माझ्या फॉर्मबरोबर मुंबईला निघाला होता.

तिसऱ्या दिवशी मुंबईच्या कचेरीचं पत्र आलं. रोप पिनांगचं आणि माती नागावची हे विसंगत आहे, खुलासा करावा, तोवर माल अडकवून ठेवला आहे. मी दोन पानी खुलासा लिहिला. खलाशी, त्यांच्या आया, गावची माती, पाण्याचा पहिला घोट, सगळं. माझ्या मते तो माझ्या नोकरीतला सर्वांत चांगला मजकूर होता. वाचणाऱ्याला तो चक्रमपणा वाटला असणार. उलट पत्र आलं, की पिनांगची माती धुऊन टाकलेली आहे की नाही एवढंच कळवा. मी कळवलं. इकडे वैशाखाचं ऊन, तिकडे डबा गोदामात. हसन दारात बसून होता. पाणी घालू द्या म्हणाला तर तिथल्या शिपायाने हुसकलं, म्हणाला, "तपासणीच्या मालाला हात लावायचा नाही."

आणि पंचाईत अशी की आगबोटींच्या फेऱ्या संपत आल्या होत्या. एकदा बंदर बंद झालं की नारळी पुनवेपर्यंत समुद्राने काही येणार नाही. मी रोज धक्क्यावर जाऊन क्षितिज बघायचो. पांडू माझ्याशी कामापुरतं बोलायचा.

शेवटच्या फेरीला हसन आला. डब्यात एकच रोप हिरवं होतं. बाकीच्या दोन काड्या होत्या. बरोबर धुरीचा दाखला होता, आणि त्यावर शेरा, की पानांवर खवले कीड आढळली, नष्ट केली.

मी तो शेरा तीनदा वाचला. माझं चुकलं नव्हतं. ते रोप तसंच गावात गेलं असतं तर काय झालं असतं ते देव जाणे. दाखला घेऊन मी वहिनींकडे गेलो, थोडा अभिमानानेच. वहिनी विहिरीपाशी खड्डा करत होत्या. दाखला त्यांनी नीट वाचला आणि परत दिला.

"भाऊजी, कीड मारली ते बरं झालं. धुरीला माझी ना नाही. पण मातीच्या रकान्यात पिनांग लिहिलं असतं तर?"

"वहिनी, ते खोटं झालं असतं."

"हो. आणि तिन्ही जगली असती."

त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मी वाद घातला असता. पिनांग लिहिलं असतं तर मुंबईने माती धुतली असती आणि त्यात तिन्ही गेली असती, हे उत्तर मला नंतर सुचलं. ते खरं आहे की नाही हे अजून मला माहीत नाही. त्या दिवशी मी दाखल्याची घडी करून घरी आलो. नियम पाळल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. पण गोदामातल्या रोपांना पाणी घालू द्या, अशी एक ओळ त्या दोन पानांत लिहायला मी विसरलो, हे खरं. अक्षर मात्र सुंदर काढलं होतं.

म्हणजे आता सगळा भरवसा एका रोपावर. नर निघालं तर जिंकलं. मादी निघाली तर वाडीत एकीच्या दोघी. हसनला पुन्हा सांगावं तर पुढच्याच वर्षी त्याची आगबोट बदलली आणि तो आफ्रिकेकडे जायला लागला.

वहिनींनी त्या रोपाला उन्हाळ्यात झावळ्यांचा मांडव घातला, पावसात चर खणला, थंडीत चुलीची राख घातली. पहिलं वर्षभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण कचेरीला निघताना मी कुंपणापाशी थांबलो की म्हणायच्या, "बघा." मी भिंग घेऊन पानं उलटीसुलटी करायचो. सरकारी काम असल्यासारखा चेहरा करायचो. "कीड नाही," म्हटलं की त्या पुन्हा कामाला लागायच्या. दुसऱ्या वर्षी "बघा, भाऊजी" झालं. तिसऱ्या वर्षी माझ्या हातावर एक केळं ठेवलं. मला वाटतं, मला माफी मिळाली ती त्या केळ्यात. आमच्या मंडळी म्हणायच्या, "बायकोच्या औषधाची वेळ विसरता, पण शेजारणीच्या झाडाची पानं मोजता." आरोप खरा होता.

या सगळ्या काळात माई अवसेला कोयता घेऊन झाडापाशी गेल्या नाहीत. हट्टी होत्या, पण लेकाला दिलेला शब्द मोडणाऱ्या नव्हत्या. मात्र येताजाता लहान झाडाकडे बघून "अजून काही नाही ना?" म्हणायच्या. त्यात आशा होती की टोमणा, ते सांगता येत नाही. सात वर्षं झाली. आठवं लागलं. गावातल्या बायका पुन्हा थळच्या स्थळाची आठवण काढू लागल्या. ती मुलगी तर केव्हाच दोन लेकरांची आई झाली होती, पण गावाला एकदा विषय मिळाला की तो जुना होत नाही.

एका सकाळी मी धोतराचा काचा मारत होतो, तेवढ्यात वहिनी कुंपण ओलांडून आमच्या ओटीशी आल्या. असं त्या कधी येत नसत. हातात एक बारकी डहाळी.

"भाऊजी, मोजा."

मोठ्या झाडाची फुलं आम्ही वर्षानुवर्षं पाहिलेली. ती पानाच्या बगलेत एकेकटी लागायची. या डहाळीवर एकाच देठाशी घोस होता. मी चष्मा लावला.

"सहा," मी म्हटलं.

"मीही सहाच मोजली. आणखी कोणीतरी मोजावी म्हणून आले." आणि त्या पायरीवर बसल्या. "नर आहे."

तिकडे पिनांगला नर निघाला की वाडीवाले कपाळाला हात लावतात म्हणे. खातो-पितो, सावली अडवतो आणि फळ एक देत नाही. आमच्या मंडळी आतून ऐकत होत्या, त्या म्हणाल्या, "पुरुषाची जात, दुसरं काय." पण वहिनींच्या तोंडावर जे हसू होतं ते मी त्या घरात कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी डहाळी पदरात घेतली आणि आमच्याकडचा चहा घेऊन मगच गेल्या.

पुढच्या वर्षी मोठ्या झाडाला फळं धरली. पिवळी, लहान पेरूएवढी. एक सकाळ अशी आली की पहिलं फळ झाडावरच उकललं आणि आतून जायपत्रीची लाल जाळी दिसली. दामूअण्णांनी ते काढून आईच्या हातात दिलं. माईंनी ते उलटसुलट केलं, वास घेतला, आणि देवापुढे ठेवून आल्या. त्या दिवसभर माई काही बोलल्या नाहीत. माई बोलत नाहीत ही नागावात बातमी होती, लोक विहिरीवर येऊन चौकशी करून गेले. वहिनींना त्या काहीच म्हणाल्या नाहीत, चांगलं नाही की वाईट नाही.

त्याच सुमारास आमची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. आदल्या दिवशी आमच्या मंडळींनी कुंकवाचा करंडा घेतला आणि मला न विचारता कुंपणापलीकडे गेल्या. परत आल्या तेव्हा डोळे पुसत होत्या. मला म्हणाल्या, "थोरल्याच्या बारशाचं बोलावणंही आजच करून आले."

बारशाला घर बायकांनी भरलं. पुरुष म्हणून मी ओटीवर, पण दार उघडं होतं. रमावहिनी आल्या आणि सवयीने मागच्या भिंतीशी टेकल्या. त्यांच्यामागून काठी टेकत माई. बाळाच्या गुटीची तयारी चालली होती. सहाण मांडली होती, ताटलीत वेखंड, हळकुंड, मुरडशेंग. मंडळी म्हणाल्या, "आता जायफळ."

माईंनी कनवटीचं जायफळ काढलं. वाटलं, त्या स्वतःच उगाळणार. पण त्यांनी ते वहिनींच्या हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "तू उगाळ. तुझ्या झाडाचं आहे, पहिली गुटी तुझ्या हातची जाऊ दे."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. वहिनी खिडकीपाशी सहाणेपुढे येऊन बसल्या. माई त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, सगळ्या आळीकडे तोंड करून, आणि ओटीपर्यंत ऐकू येईल अशा आवाजात म्हणाल्या, "माझ्या घरात वांझ कोणी नव्हतं. मीच वीस वर्षं भलतं बोलत आले. माझं चुकलं."

सहाणेवर जायफळ फिरल्याचा आवाज मला ओटीवर आला. एक वळसा. जायफळाचा एकच द्यायचा असतो, जास्त झालं तर मूल गुंगतं. वहिनींनी मान वर केली नाही.

"माई, थोडं सरका. उजेड अडतोय."

माई सरकल्या.